लेझर डायोडचा घरगुती वीजपुरवठा

विजेचा दिवा कसा लावावा हें कोणास मुद्दाम शिकवावें लागत नाहीं. दिव्यावर जितके व्होल्ट लिहिलेले असतील तितक्या व्होल्टांची वीज त्याला जोडली कीं तो पेटतो; प्रवाह किती घ्यावयाचा हें तो स्वतःच ठरवितो. आंतली तार तापली कीं तिचा विद्युद्रोध वाढतो, आणि हा वाढलेला रोध प्रवाहाला आपोआप आवर घालतो. या जुन्या सवयीचा हौशी कारागीर जेव्हां प्रथमच एखादा प्रखर लेझर डायोड हातीं घेतो, तेव्हां त्याच्याकडून तोच प्रयोग घडतो. "हा साडेचार व्होल्टांचा" असें दुकानदारानें सांगितलेलें असतें. म्हणून तो साडेचार व्होल्टांचा पुरवठा शोधून आणतो आणि दोन तारा जोडतो. निळा लखलखाट क्षणभर दिसतो, आणि त्यानंतर त्या डायोडमधून मंद निळसर उजेडापलीकडे कांहींच निघत नाहीं. डायोड फुटलेला नसतो, धूर निघालेला नसतो, जळका वासहि येत नाहीं. मीटर लावून पाहिला तर वीज पूर्वीप्रमाणेंच वाहात असते. तरीहि लेझर या नात्यानें तो संपलेला असतो, आणि जगांतली कोणतीहि दुरुस्ती त्याला परत आणूं शकत नाहीं.

भिंतींतली वीज आणि तो डायोड यांच्यामध्यें जी पेटी असावयास हवी, ती घरीं कशी बांधतां येते आणि ती बांधतांना कोणकोणत्या क्षणांची धास्ती बाळगावी लागते, हा या भाषणाचा विषय आहे.

लेझरचा आणि त्याला वीज पुरविणाऱ्या साधनांचा इतिहास बरोबरीनेंच चालत आला आहे. १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडींतून पहिला लेझर-झोत काढला, तेव्हां त्यांना एका झटक्यांत रिकामा होणारा मोठा कपॅसिटर लागला. त्याच्या जोरावर छायाचित्रकाराच्या फ्लॅशसारखा दिवा क्षणभर भडकत असे. १९६४ मध्यें बेल प्रयोगशाळेंत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर सिद्ध करणारे सी. कुमार एन्. पटेल हे जन्मानें बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या जातीच्या लेझरला वायूंतून वीज खेळवावी लागते, आणि त्यासाठीं हजारों व्होल्टांचा दाब पण अगदीं थोडा प्रवाह लागतो. डायोडची मागणी याच्या बरोबर उलट आहे. त्याला दोन ते पांच व्होल्ट पुरतात, पण प्रवाह अँपिअरच्या मापानें लागतो.

असा पहिला डायोड रॉबर्ट हॉल यांनीं १९६२ च्या शरद ऋतूंत अमेरिकेंतील स्केनेक्टडी येथें जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत चालविला. हॉल यांना विद्यार्थिदशेंत दुर्बिणीचे आरसे घासण्याचा छंद होता, आणि स्फटिकाचीं टोकें आरशासारखीं गुळगुळीत करतांना तोच हात त्यांच्या उपयोगी पडला. मात्र तो डायोड शून्याखालीं १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्यें बुडवून ठेवावा लागे, आणि तेथेंहि तो तुटक झटक्यांनींच प्रकाशत असे. साध्या खोलींतल्या तपमानावर अखंड चालणारा डायोड १९७० मध्यें लेनिनग्राडला झोरेस अल्फेरॉव्ह यांच्या मंडळींनीं आणि बेल प्रयोगशाळेंत हायाशी व पॅनिश यांनीं स्वतंत्रपणें साधला. निळ्या रंगाचा डायोड जपानच्या निचिया कंपनींत शूजी नाकामुरा यांनीं १९९५ च्या सुमारास सिद्ध केला. २०१० नंतर दिव्याऐवजीं लेझर वापरणारे चित्रप्रक्षेपक बाजारांत आले, आणि त्यांतून काढलेले एकेक वॉटाचे निळे डायोड हौशी लोकांच्या हातीं पडूं लागले. ज्या वस्तूसाठीं पूर्वी प्रयोगशाळा लागत असे ती आतां टपालानें घरीं येते. तिला जपणारी पेटी मात्र टपालानें येत नाहीं. आणि आलीच तर पुष्कळदां विश्वासाला पात्र नसते.

या डायोडचा स्वभाव एकदां नीट समजला म्हणजे पेटीचें अर्धें काम झालें. दाब हळूहळू वाढवीत नेला तर प्रथम बराच वेळ कांहींच वाहात नाहीं; पुढें एका मर्यादेजवळ दाबाच्या अगदीं किरकोळ वाढीनें प्रवाह भराभर चढतो. त्यांतच डायोड तापला कीं तोच प्रवाह वाहण्यास त्याला कमी दाब पुरतो. म्हणजे दाब कायम ठेवला तर तापलेला डायोड अधिक प्रवाह ओढतो, अधिक प्रवाहानें अधिक तापतो, आणि तापल्यामुळें आणखी ओढतो. तारेचा दिवा स्वतःला आवरतो. डायोड स्वतःला उधळून देतो. याकरितां त्याला ठराविक दाब देऊन भागत नाहीं. त्याला ठराविक प्रवाह द्यावा लागतो, आणि त्या प्रवाहाला जो काय दाब लागेल तो त्याचा त्याला घेऊं द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. प्रवाह थोडा असतांना डायोड साध्या रंगीत दिव्यासारखा चहूंकडे मिणमिणतो. एका ठराविक प्रवाहाला, एक वॉटाच्या निळ्या डायोडमध्यें सुमारें पाव अँपिअरच्या आंतबाहेर, त्यांत खरी लेझर-क्रिया सुरू होते. तेथून पुढें प्रवाहाच्या प्रत्येक वाढीबरोबर प्रकाश सरळ रेषेंत वाढत जातो. तपमान चढलें कीं हा उंबरठाहि चढतो.

तिसरी गोष्ट मृत्यूची, आणि पेटी बांधणाऱ्यानें सर्वांत अधिक विचार हिचाच करावयास हवा. प्रकाश ज्या कडेंतून बाहेर पडतो ती कड मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागाइतकी रुंद आणि जेमतेम हजारांश भागाइतकी उंच असते. एवढ्याशा फटींतून एक वॉट प्रकाश बाहेर पडूं लागला म्हणजे तेथील तेजाची घनता दर चौरस सेंटिमीटरला कित्येक दशलक्ष वॉट होते. प्रवाहानें मर्यादा ओलांडली तर ती कड स्वतःचाच प्रकाश शोषूं लागते, तापते, तापल्यामुळें अधिक शोषते आणि वितळते. या सर्व क्रियेला सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनहि कमी वेळ पुरतो. फ्यूज वितळण्यापूर्वीं, मीटरचा आंकडा बदलण्यापूर्वीं, माणसाचा हात बटणावरून उचलला जाण्यापूर्वीं सर्व कांहीं आटोपलेलें असतें. त्यामुळें पेटी किती शक्ति देऊं शकते याला फारसें महत्त्व नाहीं; चालू होतांना, बंद होतांना आणि तारा हलतांना ती काय देत नाहीं, यावर तिची परीक्षा ठरते.

आतां प्रत्यक्ष रचना. एक अँपिअर ही कमाल मर्यादा असलेला, सुमारें साडेचार व्होल्ट घेणारा निळा डायोड डोळ्यांपुढें ठेवावा. हौशी कारागिराला सर्वांत सुलभ साधन म्हणजे एल्.एम्. ३१७ या नांवाचा तीन पायांचा रेग्युलेटर. १९७० च्या दशकांत निघालेला हा नग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत थोडक्या पैशांत मिळतो. त्याचा एकच हट्ट असतो: आपला मधला आणि एक कडेचा असे दोन पाय यांच्यामध्यें सव्वा व्होल्टाचा फरक राहिला पाहिजे. या दोन पायांमध्यें एक रेझिस्टर बसविला आणि पुढें डायोड जोडला, म्हणजे सव्वा व्होल्टाला त्या रेझिस्टरच्या ओहमनीं भागून जो आंकडा येतो तितकाच प्रवाह डायोडला मिळतो. सव्वा ओहम घेतल्यास एक अँपिअर; ४.७ ओहम घेतल्यास सुमारें ०.२७ अँपिअर.

एकच सव्वा ओहमचा रेझिस्टर बसवून मोकळें होण्याचा मोह येथें होतो, आणि तो टाळावा. पुष्कळ कारागीर फिरविण्याची कळ असलेला बदलता रेझिस्टर बसवितात. त्याच्या आंतला सरकता स्पर्श धुळीनें किंवा गंजानें क्षणभर सुटला तर प्रवाह तुटतो आणि पुन्हां जुळतांना उसळी मारतो. चुकीच्या बाजूला कळ पूर्ण फिरली तर रोध शून्यावर येतो. त्यापेक्षां ४.७ ओहमचा एक रेझिस्टर कायमचा डाख देऊन बसवावा आणि त्याच्या समांतर २.२ ओहमचा दुसरा एका बटणामार्फत आणावा. बटण बंद असतांना डायोडला ०.२७ अँपिअर मिळतात, म्हणजे तो उंबरठ्याच्या किंचित् वर मंद चालतो. जुळवाजुळव करावी ती या उजेडांत. बटण दाबल्यावर दोन्ही मिळून दीड ओहम होतात आणि प्रवाह ०.८३ अँपिअरवर जातो. डायोडची मर्यादा एक अँपिअर असतां तेथवर न जाणें यांत कंजुषी नाहीं. वरचा तो सहावा हिस्सा सोडल्यानें उजेड थोडासाच उणा होतो आणि आयुष्य पुष्कळ वाढतें. या योजनेचा खरा गुण असा कीं, बटण बिघडलें किंवा त्याची तार सुटली तर प्रवाह कमी होतो, वाढत नाहीं. घरगुती यंत्रांत प्रत्येक भाग केव्हां ना केव्हां बिघडणारच असें धरून चालावें आणि तो सुरक्षित बाजूला बिघडेल अशी तजवीज करावी.

रेग्युलेटरला स्वतःसाठीं सुमारें दोन व्होल्ट लागतात. साडेचार डायोडचे, सव्वा रेझिस्टरचा आणि हे दोन मिळून जवळजवळ आठ व्होल्ट पेटीच्या मागच्या अंगाला सतत उपलब्ध असावे लागतात. नऊ व्होल्टांचा ट्रान्स्फॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज आणि एक कपॅसिटर अशी जुनी रेडिओ-दुरुस्तीवाल्यांची त्रयी येथें पुरी पडते. पण हिशेब मात्र काटेकोर हवा. नऊ व्होल्टांच्या फिरत्या विजेचें शिखर १२.७ व्होल्ट, ब्रिजमध्यें पावणेदोनांच्या आसपास जातात, उरतात अकरा. दोन शिखरांच्या मधल्या दरींत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागांत, डायोडला पोसण्याचें काम एकट्या कपॅसिटरवर पडतें. तो ४,७०० मायक्रोफॅरडचा असेल तर तेवढ्यांत पावणेदोन व्होल्ट उतरतात आणि सव्वानऊ उरतात. कागदावर हें ठीक दिसतें. पण उन्हाळ्याच्या संध्याकाळीं गांवोगांवीं २३० व्होल्टांचे २०० होतात हें ज्यानें पाहिलें आहे त्यानें पुन्हां हिशेब करावा: त्या वेळीं दरीचा तळ साडेसात व्होल्टांवर येतो, रेग्युलेटरचा श्वास कोंडतो आणि झोत सेकंदाला शंभर वेळां थरथरूं लागतो. त्या थरथरींत डायोड लगेच मरत नाहीं हें खरें; पण प्रत्येक वेळीं रेग्युलेटर पुन्हां सांवरतांना थोडी उसळी मारण्याची शक्यता राहते. दहा हजार मायक्रोफॅरड घेतले तर उतार निम्म्याहून कमी होतो आणि प्रश्न मिटतो. बारा व्होल्टांचा ट्रान्स्फॉर्मर घेऊनहि तो मिटतो, पण मग वरचे सगळे व्होल्ट उष्णता होऊन रेग्युलेटरच्या पाठीवर बसतात. नऊ व्होल्टांवर तेथें सुमारें चार वॉट जळतात. बारावर जवळजवळ दुप्पट.

म्हणून रेग्युलेटर आणि डायोड या दोघांनाहि ॲल्युमिनियमच्या पंख्यांचा हीटसिंक हवा, आणि तो एकच असूं नये. रेग्युलेटरची पाठ त्याच्या मधल्या पायाशीं विजेनें जोडलेली असते. कित्येक लेझर डायोडांचें पितळी अंगहि त्यांच्या एका पायाशीं जोडलेलें असतें. दोघांना एकाच पत्र्यावर घट्ट आवळणारा कारागीर सव्वा व्होल्टाचा तो सगळा बंदोबस्त नकळत बाजूला सारून टाकतो. अभ्रकाची चकती आणि मीटरनें घेतलेली एक तपासणी यांनीं हें संकट टळतें.

आतां पेटीच्या पुढच्या अंगाकडे वळावें, कारण बहुतेक डायोडांचा बळी तेथें जातो. "वीज स्वच्छ असावी" या सद्‌हेतूनें कारागीर बाहेर जाणाऱ्या दोन तारांवर एक मोठा कपॅसिटर बसवितो. पेटी चालू आहे, पण डायोड अजून जोडलेला नाहीं, अशी कल्पना करावी. ठराविक प्रवाह देणाऱ्या पेटीला घेणारा कोणी नसला म्हणजे ती आपला दाब होईल तितका वाढविते. कपॅसिटर दहा व्होल्टांपर्यंत भरतो आणि तसाच वाट पाहात बसतो. आतां कोणी डायोडचीं टोकें लावलीं. डायोडचे साडेचार आणि कपॅसिटरचे दहा यांमध्यें साडेपांच व्होल्टांचा फरक. मधल्या तारांचा रोध पाव ओहम. वीस अँपिअरांहून अधिक प्रवाह सेकंदाच्या कांहीं हजारांश भागापुरता त्या डायोडमधून धांवतो. रेग्युलेटरनें आपलें काम चोख बजावलेलें असतें. पण तो प्रवाह त्याच्या हातून गेलेलाच नसतो, तो त्याच्या पुढें उभ्या असलेल्या कपॅसिटरमधून गेलेला असतो. बाजारांत मिळणारीं स्वस्त स्विचिंग मॉड्यूल्स याच मार्गानें डायोड मारतात. त्यांच्या पुढच्या अंगाला मोठा कपॅसिटर असावाच लागतो आणि प्रवाहाला मर्यादा घालणारा भाग त्याच्या मागें काम करतो. साध्या प्रकाश-डायोडला असला धक्का बहुधा पचतो; लेझरला पचत नाहीं. अशीं मॉड्यूल्स उष्णता कमी करतात हा त्यांचा गुण मान्य करूनहि, पहिल्या पेटीसाठीं जुना तापणारा रेग्युलेटरच बरा असें म्हणावें लागतें.

यावर तोडगा असा: कपॅसिटर ठेवावयाचाच तर लहान, एक मायक्रोफॅरडच्या आसपासचा, आणि तो पेटींत न ठेवतां डायोडच्या पायांशींच डाख द्यावा, म्हणजे डायोडशिवाय तो कधीं भरणारच नाहीं. त्याच्याशेजारीं एक साधा डायोड उलट दिशेनें बसवावा. लेझर डायोडला उलटा दाब अगदीं थोडाहि सोसत नाहीं. डायोडच्या दोन्ही पायांना एकत्र बांधणारी लहानशी तारेची चिमटी डाखकाम चालू असेपर्यंत काढूं नये. कोरड्या हिवाळ्यांत गालिच्यावरून चालून आलेल्या माणसाच्या अंगावर हजारों व्होल्टांची स्थिर वीज असते, आणि तीन हजारांखालीं असेल तर त्याला स्वतःला तिचा चटकाहि जाणवत नाहीं. डाख देण्याची इस्तरी आणि कारागिराचें मनगट दोन्ही जमिनीशीं जोडलेलीं असावींत. आणि पेटी चालू असतां डायोडची तार काढूं किंवा लावूं नये, हा नियम पेटीच्या झांकणावर लिहून ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे.

ज्याला अधिक नाजूक नियंत्रण हवें त्याच्यासाठीं दुसरी रचना आहे. प्रवाहाच्या वाटेंत दशांश ओहमचा एक लहान रेझिस्टर ठेवावयाचा. त्याच्यावर पडणारा दाब आणि मनांत धरलेला दाब यांची तुलना ऑपरेशनल अँप्लिफायर करतो. आणि फरक दिसला कीं एक मॉस्फेट झडपेप्रमाणें उघडतो किंवा मिटतो. या मार्गानें जाणाऱ्यांना एक थोर उदाहरण आहे. केनेथ लिब्रेक्ट आणि जॉन हॉल यांनीं १९९३ मध्यें लेझर डायोडच्या प्रवाह-नियंत्रकाचा एक शांत व जलद नकाशा प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून कित्येक देशांतील प्रयोगशाळांनीं विकतची पेटी न घेतां त्या नकाशाबरहुकूम आपली पेटी आपणच बांधली. त्यांतले लिब्रेक्ट हे हिमकणांच्या छायाचित्रांसाठींहि प्रसिद्ध आहेत, आणि हॉल यांना २००५ सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांची पेटी कांहीं दशांश अँपिअरची आणि अणूंचें सूक्ष्म मोजमाप करणारांसाठीं होती. एक अँपिअर हांकणाऱ्याला तिची नक्कल करून चालणार नाहीं. घेण्यासारखी आहे ती तिच्यामागची वृत्ति: प्रवाह हळूहळू चढेल, वीज अकस्मात् गेली तर तो निमूटपणें शून्यावर येईल, आणि बाहेरचा कोणताहि झटका डायोडपर्यंत पोंचणार नाहीं, याची तरतूद तेथें मूळ आराखड्यांतच केलेली असते. मॉस्फेटची झडप मात्र अंगची जड असते. तिला हलविणारा अँप्लिफायर उतावळा असला तर दोघे मिळून झोके घेऊं लागतात, आणि त्या झोक्यांचीं शिखरें साध्या मीटरला दिसत नाहींत.

पेटी बांधून झाली कीं लगेच डायोड लावावयाचा नाहीं. पांच साधे सिलिकॉनचे डायोड, प्रत्येकीं तीन अँपिअरांचे, एकापुढें एक जोडून त्यांच्या शेवटीं एक ओहमचा दणकट रेझिस्टर लावावा. ही दोराची माळ विजेच्या दृष्टीनें बरीचशी लेझर डायोडसारखीच वागते आणि मेली तर दहा-वीस रुपयांत नवी होते. एक ओहमवर जितके व्होल्ट तितकेच अँपिअर, म्हणून मीटर थेट प्रवाह सांगतो: बटण बंद असतां ०.२७, दाबल्यावर ०.८३. पेटी वीस वेळां चालू-बंद करावी. भिंतींतला प्लग हलवून पाहावा. शेजारीं मिक्सर किंवा पाण्याचा पंप सुरू करून पाहावा. अर्धा तास तशीच चालूं द्यावी आणि रेग्युलेटर किती तापतो हें पाहावें. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत ऑसिलोस्कोप मिळाला तर चालू होतांनाची पहिली उसळी डोळ्यांनीं पाहून घ्यावी. मीटर सरासरी सांगतो, आणि डायोड मरतो तो सरासरीनें मरत नाहीं.

डायोड गेला तर दुसरा आणतां येतो. डोळा आणतां येत नाहीं. शाळेंत शिक्षक फळ्यावर दाखविण्यासाठीं जी लाल लेझर-कांडी वापरतात ती हजारांश वॉटाच्या आसपासची असावयास हवी. तिच्यापुढें पापणी पाव सेकंदांत मिटते आणि डोळा वांचतो. एक वॉटाचा झोत तिच्या हजारपट आहे. डोळ्याचें भिंग तो सगळा झोत पडद्यावरच्या एका बिंदूंत गोळा करतें, आणि पापणी मिटण्यापूर्वीं तो बिंदु कायमचा जळतो. अर्ध्या वॉटाच्या वरचा प्रत्येक लेझर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत चौथ्या म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गांत पडतो. त्याचा सरळ झोतच नव्हे तर जवळच्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेडहि घातक होऊं शकतो. ८०८ नॅनोमीटरचे अवरक्त डायोड तर याहून कपटी, कारण त्यांचा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसतच नाहीं आणि पापणीला मिटण्याची सूचनाच मिळत नाहीं. उन्हाचा काळा चष्मा येथें निरुपयोगी आहे. ज्या रंगाचा झोत, त्याच रंगासाठीं बनविलेला चष्मा हवा, त्यावर तो रंग नॅनोमीटरांत आणि प्रकाश अडविण्याचा अंक छापलेला असला पाहिजे. चार अंकाचा चष्मा दहा हजारांत एकच भाग आंत सोडतो. असा चष्मा घेण्यास पैसे नसतील त्यानें डायोडहि घेऊं नये. झोतापुढें मळकट, खरबरीत वीट ठेवावी. खोलीच्या दारावर सूचना लावावी, घरांतलीं मुलें बाहेर असावींत, आणि पेटीला किल्लीचें बटण असावें, म्हणजे कारागीर पाणी पिण्यास उठला तर किल्ली त्याच्या खिशांत राहील. २३० व्होल्टांच्या बाजूला फ्यूज आणि अर्थिंग हवेंच. लेझरच्या भीतीनें भिंतींतली वीज विसरणारेहि थोडे नाहींत.

मग तो दिवस येतो. डायोड पितळी घरांत बसलेला, घर हीटसिंकला आवळलेलें, पेटी बंद. तारा डाख देऊन पक्क्या केल्यावर पायांवरची चिमटी काढावयाची, चष्मा लावावयाचा, आणि मगच किल्ली फिरवावयाची. पहिल्या दिवशीं ४.७ ओहमचाहि भरंवसा न धरतां त्याच्या जागीं दहा ओहम लावून आरंभ करावा. विटेवर नुसती निळी आभा पसरेल. मग पेटी बंद करून, चिमटी पुन्हां लावून, ६.८ ओहम, मग ५.६. या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी, प्रवाह ०.१८ पासून ०.२२ पर्यंत चढतांना, ती आभा एकाएकीं आकसते आणि तिच्याऐवजीं विटेवर एक ठळक रेघ उमटते. तो आंकडा, ती तारीख आणि खोलीचें तपमान वहींत टिपून ठेवावें.

दर दोन-तीन महिन्यांनीं हीच कसोटी पुन्हां घ्यावी. पूर्वी ५.६ वर उमटणारी रेघ आतां ४.७ लावल्याखेरीज उमटत नसेल, तर उंबरठा वर सरकलेला आहे. अशा वेळीं प्रथम हीटसिंकचे स्क्रू तपासावे, कारण ढिल्या स्क्रूमुळें डायोड तापतो आणि तापलेला डायोड म्हाताऱ्यासारखा वागतो. स्क्रू घट्ट निघाले तर झोत वाढविण्यासाठीं आणखी रेझिस्टर समांतर लावण्याच्या फंदांत पडूं नये. आहे त्या डायोडवर मंद बटणानेंच काम चालवावें आणि दुसऱ्यासाठीं पैसे बाजूला टाकूं लागावें.